मासळी मोजणारा माणूस



शेतात भात पिकले की आपण ते मोजतो. मळणी झाली, पोती भरली, की किती पिकले ते कळते. गोठ्यातली गुरे मोजता येतात. झाडावरचे नारळ मोजता येतात. पण समुद्रातली मासळी कशी मोजायची? ती दिसत नाही. एका जागी राहत नाही. पाण्याला कुंपण नाही.

तरीही मासळी मोजावी लागते. आणि ती मोजणारी माणसे असतात. ती बंदरावर उन्हात उभी राहतात. हातात वही, पेन्सिल, मोजपट्टी. हल्ली बऱ्याच वेळा टॅब्लेटही असतो. आज आपण या माणसाच्या कामाची माहिती घेऊ. काम लहान दिसते, पण त्यावर पुष्कळांची भाकरी अवलंबून आहे.

हर्णैचा किनारा

रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात हर्णै नावाचे बंदर आहे. तिथला माशांचा लिलाव प्रसिद्ध आहे. मोठ्या होड्या पाण्यात उभ्या राहतात. मग लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून मासळी वाळूवर येते. टोपल्या ओळीने मांडतात. लिलाव बोलला जातो. घटकाभरात सगळा माल उठतो.

माझा एक जुना विद्यार्थी मासळीच्या पाहणीच्या कामावर आहे. मी शाळेतून निवृत्त झालो, तरी तो सुट्टीत भेटायला येतो. एकदा तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आम्हाला हजेरी घ्यायला शिकवलंत. आता मी माशांची हजेरी घेतो. बघायला चला." म्हणून मी त्याच्याबरोबर एक दिवस किनाऱ्यावर गेलो. त्या दिवशी जे पाहिले, तेच या धड्यात सांगतो.

हा माणूस काय करतो?

होडी आली की तो पुढे होतो. पण लिलावाच्या आड येत नाही. मासळी नाशवंत माल आहे. पाव तास उशीर झाला, तर कोळणीचे नुकसान होते. हे ज्याला समजत नाही, त्याने या कामावर येऊ नये.

तो नाखव्याला काही प्रश्न विचारतो. प्रश्न साधे असतात :

होडी केव्हा निघाली? किती रात्री पाण्यात होती? किती खलाशी होते? जाळे कोणते — डोल, ट्रॉल, पर्ससीन, की गळ? मासेमारी कुठे केली, पाणी किती खोल होते? किती वेळा जाळे टाकले?

मग तो टोपल्या मोजतो. एका टोपलीत किती किलो बसतात, ते पाहतो. कोणती मासळी किती, ते वेगळे लिहितो. बोंबील वेगळे, बांगडा वेगळा, कोळंबी वेगळी. यासाठी त्याला मासे नीट ओळखता यावे लागतात. एकाच माशाला गावोगाव वेगळे नाव असते. पापलेटला कोणी सरंगा म्हणतात. सुरमईला खाली सिंधुदुर्गाकडे इसवण म्हणतात. नाव चुकले की हिशोब चुकला.

शेवटी तो थोडे मासे फळीवर ठेवतो. फळीवर मोजपट्टी लावलेली असते. माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत लांबी मोजतो. कधी पोट उघडून पाहतो, आत गाभोळी तयार झाली आहे का. गाभोळी म्हणजे माशाची अंडी. त्यावरून कळते की हा मासा वयात आला होता की नाही. एकदाही अंडी न घालता जर मासे जाळ्यात येऊ लागले, तर पुढच्या वर्षी बी कुठून येणार? शेतकरी बियाण्याची कणसे खात नाही. दर्यालाही बियाणे लागते.

शितावरून भात

आता तुम्ही विचाराल, एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर रोज शेकडो होड्या येतात. एक माणूस सगळ्या कशा मोजणार?

सगळ्या मोजत नाही. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. भात शिजला का, हे पाहायला बाई सगळा भात चिवडत नाही. एक शीत बोटाने दाबून पाहते. पण ती आधी भात ढवळते. नुसते वरचे शीत पाहिले आणि तळाचे कच्चे राहिले, तर परीक्षा खोटी ठरते.

मासळीच्या मोजणीतही असेच करतात. आपल्या देशात हे काम केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था करते. ही संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिचे मुख्य ठिकाण केरळात कोची येथे आहे. मुंबईतही तिचे केंद्र आहे. राज्याचे मत्स्यव्यवसाय खातेही आपली नोंद ठेवते.

संस्थेची रीत अशी आहे. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करतात. प्रत्येक भागातले दिवस चिठ्ठी टाकल्यासारखे निवडतात. माणसाच्या सोयीने निवडत नाहीत. पहिल्या दिवशी दुपारी १२ ते संध्याकाळी ६ बंदरावर थांबायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी १२ थांबायचे. मधल्या रात्री किती होड्या लागल्या, ते सकाळी विचारून घ्यायचे. असा पूर्ण एक दिवस-रात्रीचा हिशोब होतो.

होड्यांचेही तसेच. १५ किंवा त्याहून कमी होड्या आल्या, तर सगळ्या पाहायच्या. जास्त आल्या, तर काही निवडायच्या. ४० ते ४९ होड्या आल्या, तर चारांतली एक. ५० किंवा त्याहून जास्त आल्या, तर पाचांतली एक.

ओळखीच्या नाखव्याचीच होडी पाहायची, असे चालत नाही. ज्या होडीला जास्त मासळी दिसते तिकडेच धावायचे, असेही चालत नाही. ते वरचे शीत झाले.

थोडे गणित करू

समजा, एका दिवशी ४० होड्या आल्या. आपल्या माणसाने १० होड्या पाहिल्या. त्या १० होड्यांत मिळून ६२० किलो मासळी निघाली.

६२० भागिले १० म्हणजे ६२. एका होडीला सरासरी ६२ किलो.

६२ गुणिले ४० म्हणजे २,४८०. म्हणून त्या दिवशी बंदरावर सुमारे २,४८० किलो मासळी उतरली.

समजा, महिन्यात असे तीन दिवस पाहिले. एका दिवशी २,४८० किलो, दुसऱ्या दिवशी १,९०० किलो, तिसऱ्या दिवशी २,२२० किलो. तिन्ही मिळून ६,६०० किलो. दिवसाची सरासरी २,२०० किलो. महिन्यात २५ दिवस होड्या गेल्या असतील, तर २,२०० गुणिले २५ म्हणजे ५५,००० किलो. म्हणजेच ५५ टन.

पाहा, तीन दिवसांच्या नोंदीवरून महिन्याचा अंदाज निघाला. पण आता एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या १० होड्यांतल्या एकाने खोटे सांगितले, तर ते खोटे ४० होड्यांना चिकटते. मग ते सगळ्या महिन्याला चिकटते. लहान खोटे मोठे होत जाते.

नाखव्याचा राग

त्या दिवशी किनाऱ्यावर असाच प्रसंग घडला. एक वयस्कर नाखवा टोपल्या उतरवीत होता. माझ्या विद्यार्थ्याने विचारले, "नाखवा, किती टोपल्या झाल्या?"

नाखवा म्हणाला, "लिही बारा."

आम्ही दोघांनी वीस टोपल्या उतरताना पाहिल्या होत्या. माझा विद्यार्थी हळूच म्हणाला, "नाखवा, मी वीस मोजल्या. काय लिहू?"

नाखवा चिडला. म्हणाला, "अरे पोरा, तुला पगार मिळतो. आम्ही काय खरं सांगायचं? जास्त सांगितलं तर सरकार म्हणेल, यांना पुष्कळ मासळी मिळते, यांना डिझेलचा परतावा कशाला? कमी सांगितलं तर म्हणेल, मासळी संपली, बंदी वाढवा. दोन्हीकडून आम्हीच मरायचं ना?"

बंधूंनो, नाखव्याचे म्हणणे सगळेच खोटे नव्हते. माझा विद्यार्थीही त्याच्याशी भांडला नाही. तो म्हणाला, "नाखवा, तुमच्या होडीचं नाव मी कुणाला सांगत नाही. छापतात ते सगळ्या किनाऱ्याचे आकडे. मी वसुलीला आलेलो नाही. पण खोटा आकडा लिहिला, तर उद्या तुमच्या बाजूनं बोलायलाही कागद उरणार नाही."

नाखवा काही बोलला नाही. तेवढ्यात त्याची बायको पुढे आली. ती बाजूलाच मासे निवडत होती. दोन वर्षांपूर्वी ती संध्याकाळच्या वर्गात लिहायला शिकली होती. तिने कमरेच्या पिशवीतून एक वही काढली. वही ओली झाली होती, पण अक्षर स्वच्छ होते. तारीख, रात्री, टोपल्या, भाव, डिझेल. असे पाच रकाने तिने आखले होते.

ती म्हणाली, "बारा नको नि नुसते वीसही नको. हे बघा भाऊ. मागल्या वर्षी याच आठवड्यात होडी एक रात्र गेली होती, अठरा टोपल्या आल्या. औंदा तीन रात्री गेली, तेव्हा वीस आल्या. आता सांगा, मासळी वाढली का कमी झाली?"

मी शाळेत पुष्कळ वर्षे गणित शिकवले. पण एवढे नेमके उदाहरण मला सुचले नसते.

हिशोब करून पाहा. मागल्या वर्षी एका रात्रीला अठरा टोपल्या. यंदा वीस भागिले तीन, म्हणजे एका रात्रीला सात टोपल्याही नाहीत. टोपल्यांचा आकडा वाढला, पण मासळी महाग पडली. डिझेल तिप्पट जळले, श्रम तिप्पट झाले.

माझ्या विद्यार्थ्याने तिच्या वहीतले आकडे आपल्या कागदावर उतरवले नाहीत. त्याला फक्त त्या दिवशी पाहिलेले लिहायचे होते. एका होडीवरून सगळ्या किनाऱ्याचे सांगता येत नाही. पण नाखव्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, "लिही वीस. आणि तीन रात्री, हेही लिही. ते विसरू नकोस."

म्हणून नुसती मासळी मोजून भागत नाही. ती धरायला किती वेळ, किती श्रम लागले, तेही मोजावे लागते.

गळवाल्यांची मोजणी

आपल्या कोकणात खाडीवर गळ टाकून बसणारे लोक तुम्ही पाहिले असतील. त्याला आपण गरवणे म्हणतो. अमेरिकेत आणि कॅनडात तर लाखो लोक हौसेने गरवायला जातात. तिथे तळी, नद्या पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी गरवायला परवाना लागतो. एका माणसाने दिवसात किती मासे न्यावेत, किती लांबीचे न्यावेत, याचेही नियम असतात.

तिथेही मासळी मोजणारी माणसे नेमतात. इंग्रजीत या पाहणीला 'क्रील' पाहणी म्हणतात. क्रील म्हणजे मासे ठेवायची वेताची टोपली. हा माणूस तळ्याच्या धक्क्यावर उभा राहतो. गरवून परत येणाऱ्याला तो विचारतो : केव्हापासून बसला होता? काय मिळाले? किती मासे परत पाण्यात सोडले? मग तो टोपलीतले मासे मोजतो, लांबी लिहितो. कोणाची टोपली रिकामी असली, तरी त्याचीही नोंद करतो. हे महत्त्वाचे आहे. रिकाम्या टोपल्या सोडून दिल्या, तर वाटेल की तळे माशांनी भरले आहे.

तिथेही दिवस चिठ्ठीनेच निवडतात. रविवारी गर्दी जास्त, सोमवारी कमी. म्हणून सुट्टीचे दिवस आणि कामाचे दिवस वेगळे धरतात. थंडी असो, पाऊस असो, नेमलेल्या वेळी जावेच लागते.

आणि तिथेही माणसे माणसांसारखीच. सुटून गेलेला मासा सांगताना हातभर लांब होतो. म्हणून हा माणूस डोळ्यांनी पाहिलेले एका रकान्यात लिहितो आणि कानांनी ऐकलेले दुसऱ्या रकान्यात. ही सवय आपणही लावून घ्यावी.

हिशोब चुकला तर काय होते?

कॅनडा देशात न्यूफाउंडलंड नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या आजूबाजूच्या समुद्रात कॉड नावाचा मासा मिळे. शेकडो वर्षे तिथली गावे त्या एका माशावर जगली.

पुढे मोठी यांत्रिक जहाजे आली. मासा कुठे आहे, ते दाखवणारी यंत्रे आली. मोठ्या जहाजांना ताशी भरपूर मासा मिळत होता. त्यावरून अभ्यासकांनी अंदाज केला की समुद्रात मासा पुष्कळ आहे. पण खरी गोष्ट वेगळी होती. उरलेला मासा थोड्या जागेत गोळा झाला होता. यंत्र तिथेच नेऊन पोहोचवी. घरातले धान्य संपत आले, पण हात नेमका शेवटच्या पोत्यावरच पडत होता. म्हणून कोठी भरलेली वाटली.

किनाऱ्याजवळ लहान होड्यांवर काम करणारे मच्छीमार सांगत होते की मासा कमी झाला आहे, लहान झाला आहे. त्यांचे म्हणणे वेळेवर मनावर घेतले गेले नाही.

शेवटी १९९२ साली, २ जुलैला, सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. सुरुवातीला बंदी दोन वर्षांची होती. ती ३२ वर्षे चालली. २०२४ साली ती उठली, तीही अगदी थोड्या मासेमारीपुरती. या काळात पुष्कळ कुटुंबे गाव सोडून गेली.

या गोष्टीतून दोन बोध घ्यायचे. एक, मोजणी चुकली तर गावे ओस पडतात. दुसरा, मोजणाऱ्याने लहान माणसाचे ऐकले पाहिजे, आणि लहान माणसाने मोजणाऱ्याला खरे सांगितले पाहिजे.

आपल्याकडे काय?

आपल्या राज्यात समुद्रातील मासेमारीचा कायदा १९८१ साली झाला. २०२१ साली त्यात सुधारणा झाली. पावसाळ्यात मासेमारीवर बंदी असते. त्या दिवसांत दर्या खवळलेला असतो, आणि पुष्कळ मासे अंडी घालतात. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा ठरवले. पण मान देऊन मासा वाढत नाही. लहान पापलेट पकडायचे थांबले, तरच तो वाढेल.

इथेही मोजपट्टी उपयोगी पडते. समजा, पूर्वी टोपलीत ४० पापलेटे बसत. आता त्याच टोपलीत ८० बसू लागली. टोपली भरलेलीच दिसते. वजनही तेवढेच. पण मासा निम्मा झाला. हे टोपल्या मोजून कळत नाही. नग मोजावे लागतात, लांबी मोजावी लागते. पिल्ले आजच विकली, तर उद्याचा मोठा मासा आजच संपला.

आता वाचता-लिहिता आलेल्या माणसाने एक काम करावे. नाखव्याच्या बायकोसारखी एक वही ठेवावी. सरकारी माणूस महिन्यात थोडेच दिवस येतो. तुम्ही तर रोज किनाऱ्यावर असता. वादळ झाले, नवा धक्का बांधायचे ठरले, कारखान्याचे पाणी खाडीत आले, तर तुम्ही काय म्हणता? "पूर्वी पुष्कळ मासळी मिळत होती." समोरचा विचारतो, "किती?" मग आपण गप्प बसतो. वहीत दहा वर्षांची नोंद असली, तर गप्प बसावे लागणार नाही.

आम्ही घरी निघालो, तेव्हा मी त्या बाईंना विचारले, "बाई, वही लिहायचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "कोणी नाही, गुरुजी. लिहायला आलं. मग वाटलं, काय लिहू? म्हणून रोजचं लिहायला लागले."

शब्दांचे अर्थ

नाखवा — होडीचा मालक किंवा प्रमुख.
गरवणे — गळ टाकून मासे धरणे.
गाभोळी — माशाची अंडी.
सरासरी — एकूण आकड्याला संख्येने भागून आलेला मधला आकडा.
नाशवंत — लवकर खराब होणारे.

प्रश्न

१. सगळ्या होड्या न मोजताही अंदाज कसा काढतात?
२. मोजणीचा दिवस माणसाच्या सोयीने का निवडत नाहीत?
३. रिकाम्या टोपलीची नोंद का करावी?
४. एका होडीला दोन रात्रींत ३० टोपल्या मिळाल्या. दुसरीला पाच रात्रींत ४० टोपल्या मिळाल्या. कोणत्या होडीला मासळी स्वस्त पडली? हिशोब मांडून दाखवा.
५. नाखवा आधी खोटे का बोलला? तुम्ही त्याच्या जागी असता, तर काय केले असते? वर्गात बोला.

करून पाहा

एका वहीत पाच रकाने आखा : तारीख, लागलेला वेळ, मिळालेला माल, भाव, खर्च. तुमचा धंदा मासळीचा असो, भाजीचा असो, दुधाचा असो. एक महिना रोज लिहा. महिन्याच्या शेवटी बेरीज करा आणि घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.